हरणाऱ्यांचा क्लब

१९२९ सालच्या उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाकियातल्या कार्ल्सबाड या गावी बुद्धिबळाची एक मोठी स्पर्धा भरली होती. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. हवापालटाला येणारे श्रीमंत लोक आणि त्यांच्या करमणुकीला जगातले नामवंत खेळाडू, असा तो थाट. कापाब्लांका आले होते, निम्झोविच आले होते, रुबिनस्टाइन होते, हॉलंडचे मॅक्स युवे होते. एकूण २२ खेळाडू. त्यात एक तेवीस वर्षांची तरुणी होती, व्हेरा मेंचिक. बाकी सगळे पुरुष.

व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकर या खेळाडूला हे काही रुचलं नाही. तो चारचौघांत म्हणाला, की या बाईंकडून जो कोणी हरेल त्याला आपण 'व्हेरा मेंचिक क्लबा'चा सभासद करून घेऊ. मंडळी हसली असतील. पुढे बेकरसाहेबांचा डाव व्हेराशी पडला आणि बेकरसाहेब हरले. क्लबाचे पहिले मानकरी तेच.

बुद्धिबळाच्या इतिहासात ही गोष्ट हटकून सांगितली जाते, आणि ती चांगली रंगतेही. पण क्लब तिच्या नावाचा असला तरी सभासद सगळे पुरुष. त्यामुळे गोष्ट सांगणारा पुढे त्यांचीच यादी वाचू लागतो: युवे हरले, सुलतान खान हरले, रेशेव्हस्की हरले, सर जॉर्ज टॉमस हरले. व्हेरा बाजूला राहते. आणि आणखी एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. कार्ल्सबाडला व्हेराचा नंबर शेवटचा आला. २१ डावांत ३ गुण. बेकरला हरवलं, झेमिशला हरवलं, दोन डाव बरोबरीत सोडवले आणि उरलेले सतरा ती हरली.

हे सतरा पराभव लपवायचं काही कारण नाही. किंबहुना तिचं मोठेपण मला त्या सतरा पराभवांतच जास्त दिसतं. कारण कार्ल्सबाडला ती आली तेव्हा स्त्रियांची जगज्जेती होती. गप्प घरी बसली असती, दर दोन-तीन वर्षांनी स्त्रियांच्या स्पर्धेत जाऊन किताब राखून आली असती, तर तिला कोणी काही म्हटलं नसतं. तिनं दुसरी वाट धरली.

व्हेराचा जन्म १६ फेब्रुवारी १९०६ चा, मॉस्कोतला. वडील चेक, आई इंग्रज. आई रशियात मुलांना शिकवायला म्हणून आलेली. धाकटी बहीण ओल्गा. वडिलांची गिरणी होती, घर सुखवस्तू होतं. नवव्या वर्षी वडिलांनी मुलीला बुद्धिबळाचा पट आणून दिला. मग क्रांती झाली. गिरणी गेली, घर गेलं. शाळेत दिवा नाही, पाणी नाही, थंडीत शेकोटी नाही, असे ते दिवस. १९२१ साली कुटुंब रशियाबाहेर पडलं आणि तिथून आईवडिलांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडमध्ये आपल्या आईकडे आली. गाव समुद्राकाठचं, हेस्टिंग्जला लागून.

पंधरा वर्षांची मुलगी, तोंडात रशियन भाषा आणि भोवती सगळे इंग्रजी बोलणारे. अशा वेळी माणूस काय करतं? माझ्या घरात एक बोली आणि शाळेत दुसरी, त्यामुळे वर्गात पहिली काही वर्षं मी मागच्या बाकावर मुका बसलेलो असे. म्हणून व्हेराचं एक म्हणणं मला चटकन पटलं. पुढे ती म्हणाली होती, की बुद्धिबळ हा न बोलता खेळायचा खेळ असल्यामुळे ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी याहून चांगला छंद नाही.

नशीब असं, की गाव हेस्टिंग्ज होतं. इंग्लंडातल्या बुद्धिबळाचं ते पंढरपूर म्हणा ना. १८९५ सालची ती प्रसिद्ध स्पर्धा इथलीच, आणि पुढे नाताळात दरवर्षी इथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. तरी क्लबात जायला तिला दीडेक वर्ष लागलं. १९२३ मध्ये ती सभासद झाली. थोड्याच दिवसांत तिथे तिला गुरू भेटले ते गेझा मारोत्सी, हंगेरीचे मोठे खेळाडू, तेही आपला देश सोडून आलेले. चेक बापाची, रशियात वाढलेली मुलगी आणि हंगेरियन मास्तर, इंग्लंडच्या एका किनाऱ्यावर समोरासमोर बसून डाव मांडताहेत. निर्वासितांची ही शाळा.

मारोत्सींनी तिला संथ, पायाबांधणीचा खेळ शिकवला. उगाच हल्ला करायचा नाही, प्यादी नीट ठेवायची, प्रतिस्पर्ध्याची घाई होऊ द्यायची आणि डावाच्या अखेरीस थोड्या सोंगट्या उरल्या की हळूहळू गळा आवळायचा. यात एक उणीवही होती. समोरचा धाडसी असेल, अंगावर येणारा असेल, तर व्हेराचा खेळ कोमेजत असे. अलेखाईन आणि कापाब्लांका यांच्याविरुद्ध तिला एकही विजय मिळाला नाही.

१९२७ मध्ये लंडनला राष्ट्रांच्या सांघिक स्पर्धेबरोबर स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपण वजीर म्हणतो त्या सोंगटीला युरोपातले लोक चारशे वर्षांहून अधिक काळ राणी म्हणत आले होते, पटावरची सर्वांत बलाढ्य सोंगटी म्हणजे बाई. पण पटासमोरच्या खुर्चीत बाई बसायला १९२७ उजाडलं. बारा जणी खेळल्या. व्हेरानं ११ पैकी साडेदहा गुण मिळवले. वय २१.

मग जे झालं त्याला तोड नाही. १९३० हॅम्बुर्ग, १९३१ प्राग, १९३३ फोकस्टन, १९३५ वॉर्सा, १९३७ स्टॉकहोम, १९३९ ब्युनॉस आयर्स. दरवेळी तीच. प्रागला आठपैकी आठ, फोकस्टनला चौदापैकी चौदा, वॉर्साला नऊपैकी नऊ, स्टॉकहोमला पुन्हा चौदापैकी चौदा. सात स्पर्धांत एकूण ८३ डाव. ७८ जिंकले, ४ बरोबरीत, हरली फक्त एक, हॅम्बुर्गला, वॉली हेन्शेल या खेळाडूकडून. अशी आकडेवारी पाहिली की कौतुक वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. जिथे आपण हरूच शकत नाही तिथे माणूस किती दिवस खेळेल? शिकेल काय?

म्हणून ती पुरुषांच्या स्पर्धांत जात राहिली. १९२९ मध्येच, कार्ल्सबाडच्या आधी, रॅम्सगेटला तिनं कमाल केली होती. पाहुणे परदेशी खेळाडू विरुद्ध इंग्लंडचे खेळाडू अशी ती स्पर्धा होती. कापाब्लांका पहिले आले आणि त्यांच्या मागे अवघ्या अर्ध्या गुणानं रुबिनस्टाइन आणि व्हेरा बरोबरीत. तिचे गुरू मारोत्सी तिच्या मागे. त्यामुळेच तर कार्ल्सबाडचं आमंत्रण आलं. तिथे ती शेवटची आली तरी स्पर्धेचं वार्तांकन करणाऱ्या अलेखाईननं, म्हणजे खुद्द जगज्जेत्यानं, लिहिलं की ही मुलगी असामान्य आहे आणि तिला वाढायची प्रत्येक संधी देणं हे बुद्धिबळाच्या जगाचं कर्तव्य आहे. बेकर आणि अलेखाईन एकाच स्पर्धेतला तोच खेळ पाहत होते.

नाताळातल्या हेस्टिंग्जच्या मुख्य गटात ती वर्षामागून वर्षं खेळली. युवेंना तिनं लागोपाठ दोन वर्षं हरवलं. हे युवे १९३५ मध्ये अलेखाईनला हरवून जगज्जेते झाले. त्याच १९३५ साली व्हेरा मॉस्कोला खेळायला गेली, ज्या शहरातून तिच्या आईनं तिला बाहेर काढलं होतं त्याच शहरात. २० खेळाडूंत ती विसावी आली. १९ डावांत दीड गुण. जन्मगावी, ज्यांची भाषा आपली पहिली भाषा त्यांच्यासमोर, असं हरत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर येऊन खुर्चीत बसायचं. त्याच वर्षी वॉर्साला जाऊन तिनं नऊपैकी नऊ गुण घेतले.

हे सगळं ती पोटासाठीही करत होती, हे विसरता कामा नये. शिकवण्या, व्याख्यानं, एकाच वेळी वीस-वीस जणांशी डाव खेळण्याचे कार्यक्रम, वर्तमानपत्रांतलं लेखन. बुद्धिबळावर स्वतःचं घर चालवणारी ती बहुधा पहिलीच स्त्री.

आता सुलतान खानकडे वळतो, कारण क्लबाच्या यादीतलं ते नाव आपल्या ओळखीच्या मातीतलं आहे. पंजाबातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा खेळाडू. १९२९ मध्ये साहेबांबरोबर विलायतेला गेला. देशी पद्धतीवर वाढलेला, तिथले नियम नव्याने शिकलेला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकाला हरवलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच हेस्टिंग्जला तो व्हेराकडून हरला. तो साहेबांचा नोकर होता असं इंग्रज लिहीत आले. घरच्या मंडळींना हा शब्द मान्य नाही. आश्रित म्हणा हवं तर.

त्याच घरात एक तरुणीही होती. इंग्रजी कागदपत्रांत तिचं नाव नुसतं 'मिस फातिमा' असं येतं. १९३३ च्या उन्हाळ्यात, व्हेराच्याच हेस्टिंग्ज गावात, तिनं ब्रिटिश स्त्रियांचं अजिंक्यपद जिंकलं. अकरा डाव, दहा विजय, एक बरोबरी. दुसऱ्या क्रमांकावरच्या बाई तीन गुणांनी मागे. त्याच वेळी त्याच गावात सुलतान खान पुरुषांचा अजिंक्यवीर. साम्राज्याचे दोन्ही किताब हिंदुस्थानातल्या एका घराच्या पदरच्या दोन माणसांकडे.

अकरापैकी साडेदहा. व्हेराचा लंडनचा आकडाही नेमका हाच. पण व्हेराच्या मागे क्लब होता, मारोत्सी होते, आज्जीचं घर होतं, आणि कुठे जायचं, कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क तिचा तिला होता. फातिमाचे साहेब मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर तीही परतली. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात तिचं नाव पुन्हा आलं नाही. खूप वर्षांनी सुलतान खानविषयी बोलताना तिनं एवढंच सांगितलं, की हिंदुस्थानात परतल्यावर त्याला कैदेतून सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या थंड ओल्या हवेत तो सारखा आजारी असे. तिला स्वतःला काय वाटलं होतं, हे कोणी विचारलं की नाही कोण जाणे. गुण माणसाच्या अंगात असतात. कारकीर्द घडायला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बोलावणारं कुणीतरी लागतं. अलेखाईननं १९२९ मध्ये 'कर्तव्य' म्हटलं होतं ते हेच. फातिमाच्या बाबतीत ते कोणाचं कर्तव्य होतं?

व्हेराला तोडीस तोड अशी एकच स्त्री त्या काळात होती, म्युनिकची सोन्या ग्राफ. स्वभावानं अगदी उलट. मनस्वी, बिनधास्त, हल्ला करून खेळणारी. १९३७ मध्ये दोघींची सोळा डावांची लढत झाली आणि व्हेरा ती साडेअकरा विरुद्ध साडेचार अशी जिंकली. १९३९ मध्ये दोघी ब्युनॉस आयर्सला आल्या. सोन्याला आता नाझी जर्मनीकडून खेळता येत नव्हतं, म्हणून ती कुठल्याच देशाची नव्हे अशा 'लिब्रे' म्हणजे 'मुक्त' या नावाखाली खेळली. व्हेराविरुद्ध तिच्या हातात जिंकलेला डाव होता. तो तिनं घालवला. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला युरोपात महायुद्ध पेटलं. अनेक खेळाडू परत गेलेच नाहीत. सोन्या आर्जेन्टिनात राहिली. जर्मन संघातून आलेला आपला जुना अल्बर्ट बेकर, तोही तिथेच राहिला. व्हेरा मात्र लंडनला परतली.

तिथे तिचं घर होतं. १९३७ मध्ये तिनं इंग्लंडच्या बुद्धिबळ संघटनेतले एक कार्यकर्ते स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न केलं होतं. ते तिच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. त्यांची पहिली पत्नी अ‍ॅग्नेस हीसुद्धा खेळाडू. १९३५ च्या वॉर्सा स्पर्धेला निघालेली असताना पोझनानच्या विमानतळावर चालू विमानाच्या पंख्यात सापडून ती गेली होती. या लग्नामुळे व्हेरा ब्रिटिश नागरिक झाली. पहिल्या जागतिक स्पर्धेत ती रशियाच्या नावावर खेळली, मग चेकोस्लोव्हाकियाच्या आणि शेवटच्या स्पर्धेत इंग्लंडच्या. किताब तोच, देश तीन.

लंडनमध्ये एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र सुरू झालं होतं, त्याची व्यवस्था तिच्याकडे आली. १९४० च्या बॉम्बवर्षावात ते केंद्र जळालं. १९४२ मध्ये तिनं याक मीझेस यांच्याशी लढत खेळली. मीझेस ७७ वर्षांचे, ज्यू, जर्मनीतून जीव वाचवून आलेले, आणि तेही क्लबाचे जुने सभासद. व्हेरा जिंकली. १९४३ मध्ये नवरा वारला.

आता घरात व्हेरा, ओल्गा आणि त्यांची आई अशा तिघी होत्या. लंडनच्या क्लॅपम भागातलं घर. जून १९४४ मध्ये जर्मनांनी वैमानिक नसलेले उडते बॉम्ब लंडनवर सोडायला सुरुवात केली. २६-२७ जूनच्या रात्री त्यातला एक या घरावर पडला. तिघी तळघरात आसऱ्याला बसल्या होत्या. तिघीही गेल्या. घरामागच्या बागेतला लोखंडी पत्र्याचा निवारा शाबूत राहिला. व्हेराचे चषक, तिनं खेळलेल्या डावांच्या नोंदी, सगळं ढिगाऱ्यात. ती ३८ वर्षांची होती आणि त्या दिवशीही जगज्जेतीच होती. किताब हरून तिनं कधी कुणाला दिलाच नाही. १९४९-५० मध्ये मॉस्कोत नवी स्पर्धा भरली, तेव्हा सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला रुदेन्को यांच्याकडे तो गेला.

क्लबाच्या एका सभासदाची गोष्ट मात्र अजून राहिली आहे, आणि ती मुंबईपर्यंत येते. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर, वय वर्षं तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला उतरल्या. 'नवाकाळ'कार नीळकंठ खाडिलकरांच्या तीन कन्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी तोवर देशातल्या स्त्रियांच्या बुद्धिबळावर आपली छाप पाडली होतीच. पण मुलीनं पुरुषांत खेळायचं म्हटल्यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला, की स्त्री आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यापासून अडवता येणार नाही. हे अध्यक्ष म्हणजे डॉ. मॅक्स युवे. हेस्टिंग्जला दोनदा हरलेले. निर्वाळा देताना त्यांना ते दोन डाव आठवले असतील का, हे मला विचारू नका. माझं मन हो म्हणतं, पण ती कवीची खोड झाली. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेत्या झाल्या.

स्त्रियांचं बुद्धिबळ ऑलिंपियाड १९५७ पासून होऊ लागलं. त्यातल्या विजेत्या संघाला जो फिरता चषक मिळतो त्याचं नाव 'व्हेरा मेंचिक चषक'. इतकी वर्षं तो बहुतेक सोव्हिएत संघ, जॉर्जिया, चीन, रशिया, युक्रेन यांच्याकडे फिरत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला, मारोत्सींच्या देशात, भारतीय मुलींनी तो पहिल्यांदा जिंकला. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया असा संघ, कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती. तिनं ११ पैकी साडेनऊ गुण मिळवले.